दार लागल्यानंतरची आजी

आमच्या महाविद्यालयाच्या प्रहसनात दर वर्षी एक म्हातारी असतेच. कुणाच्या तरी घरून आणलेले जुने लुगडे एखादी मुलगी नेसते, केसांना पावडर फासते, कमरेत वाकते, थरथरत्या हाताने काठी टेकते आणि चिरक्या आवाजात नातवाला हाका मारू लागते. पहिल्या अर्ध्या मिनिटात हशा येतो, कारण वीस वर्षांची मुलगी म्हातारी झालेली पाहणे हीच मुळात एक गंमत असते. पुढची सगळी मिनिटे मात्र त्या वाकलेल्या कमरेतून काहीही निघत नाही आणि समोरची मुले मोबाइल काढून बसतात.

मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते. विद्यार्थिदशेत दोन-तीन एकांकिकांत काम केले होते, तेवढ्या भांडवलावर सांस्कृतिक विभाग माझ्या गळ्यात पडला आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी प्रहसन बसवणे हे काम दर वर्षी माझ्याकडे येऊ लागले. मागच्या वेळी म्हातारी करणाऱ्या मुलीला किती सांगितले तरी तिची कमर काही सरळ होईना. शेवटी एके दिवशी मी तालीम थांबवली, लॅपटॉप उघडला आणि मुलांना वीस वर्षांपूर्वीचा एक ब्रिटिश कार्यक्रम दाखवला. तो कार्यक्रम म्हणजे ‘द कॅथरिन टेट शो’. त्याविषयी लिहायचे कितीतरी वर्षे मनात होते, ते आज लिहीत आहे.

बीबीसी टू या वाहिनीवर फेब्रुवारी २००४ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला, २००६ पर्यंत त्याच्या तीन मालिका झाल्या आणि २००७ च्या नाताळात बीबीसी वनवर त्याचा एक विशेष भाग दाखवला गेला. अर्ध्या तासाचा एक भाग, त्यात दोन-तीन मिनिटांची सुटी सुटी प्रहसने, आणि जवळजवळ प्रत्येक प्रहसनाच्या केंद्रस्थानी वेगवेगळ्या रूपात तीच एक बाई, अशी त्याची रचना आहे. लेखनात डेरेन लिटन आणि अ‍ॅश्लिन डिट्टा यांच्यासारखे सहकारी होते, तरी पात्रे टेटची होती. ती मूळची लंडनची. ब्लूम्सबरी भागातील ब्रन्सविक सेंटर या गृहसंकुलात, मुख्यतः बायकांनीच चालवलेल्या घरात ती वाढली. आई फुलांचा व्यवसाय करणारी होती. पुढे लंडनच्याच सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये तिने रीतसर अभिनयशिक्षण घेतले आणि काही वर्षे एकटीने मंचावर उभे राहून लोकांना हसवण्याचे काम केले. वाणी हा शब्द जिच्या नावातच आहे अशा संस्थेत ती शिकली, याला महत्त्व आहे. कारण या कार्यक्रमातला विनोद टोपांच्या आणि चष्म्यांच्या आधी तोंडातून येतो.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एम. ए. करत असताना. वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या संगणकावर कुणीतरी पेन ड्राइव्हमधून आणून टाकलेले भाग होते आणि खाली अक्षरे येत नव्हती. शेक्सपिअर शिकणाऱ्या आम्हा दोघींना त्यातले निम्मेही बोलणे कळत नव्हते, ही तेव्हा लाजेची गोष्ट वाटली होती. पुस्तकातले इंग्रजी आम्हाला येत होते. स्वयंपाकघरातले, शाळेच्या मागच्या बाकावरचे, बसथांब्यावरचे इंग्रजी आमच्या कानावर कधी पडलेच नव्हते. तरीही एका पात्रापाशी आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो आणि त्यासाठी इंग्रजीची गरज पडली नव्हती.

ते पात्र म्हणजे जोनी टेलर, सगळे तिला नॅन म्हणतात, म्हणजे आजी. ती लंडनमध्ये एका साध्या सदनिकेत एकटी राहते. नातू जेमी तिला भेटायला येतो. हे काम मॅथ्यू हॉर्न या नटाने केले आहे. नातू आला की ती हरखून जाते, त्याच्या शिक्षणाचे कौतुक करते, आणि मग दार वाजते. कुणी मदतनीस येते, कुणी शेजारीण येते, कुणी चौकशीला आलेली संस्थेची माणसे असतात. पाहुण्यासमोर नॅन लोण्याहून मऊ. किती चांगली माणसे आहात तुम्ही, किती त्रास घेतलात, असे चालू असते. पाहुणा जातो, दार लागते, आणि त्याच श्वासात नॅनचा चेहरा फिरतो. आता आलेल्या माणसाचे कपडे, त्याचे दात, त्याची चालण्याची तऱ्हा, त्याने आणलेली वस्तू, सगळ्याची ती अशी काही सालटी काढते की ऐकणाऱ्याने कान झाकून घ्यावेत. तोंडी शिव्या तर इतक्या अस्सल की मी मुलांना दाखवताना आवाज किती ठेवावा या विचारात होते. काही प्रसंगांत तर पाहुणा नुसता आतल्या खोलीत जातो आणि तेवढ्या वेळातही तिचा कार्यक्रम उरकून होतो. तो बाहेर येताच पुन्हा साखर.

जिंतूरच्या बाजूला एका खेड्यात माझी आजी राहत असे. तिला आम्ही सगळे माय म्हणत असू. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो की ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ असे आणि माय कुणालाही पाणी पाजल्याशिवाय जाऊ देत नसे. ‘बसा की जराक, ऊन उतरल्यावर जा, लेकराला घेऊन आले असते तर बरं झालं असतं,’ असे तिचे आर्जवी बोलणे मी अजून ऐकू शकते. पाहुणा वेशीकडे वळला की माय पदराने कपबशी उचलत आमच्याकडे पाहून म्हणायची, ‘कामून आलता गं ह्यो? दोनदा चहा पेला अन् उसन्या दोन पायल्या जवारीचं नावबी नाही काढलं.’ मग त्या माणसाच्या वडलांपासून सुरुवात होऊन त्याच्या बैलापर्यंत सगळ्यांचा उद्धार होई. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा आला की पुन्हा चहा ठेवला जाई, आणि त्या आग्रहात काही खोट होती असे मला आजही वाटत नाही.

नॅनविषयी बोलताना तिला दुतोंडी म्हणण्याची पद्धत आहे. मला तो शब्द अपुरा वाटतो. दुतोंडी माणसाला आपल्या बोलण्यातून काहीतरी मिळवायचे असते. नॅनला काही मिळवायचे नाही. एकटीने राहणाऱ्या, वय झालेल्या, दुसऱ्यांच्या मदतीवर दिवस काढणाऱ्या बाईला पाहुण्यासमोर गोड बोलणे भागच असते, कारण तिचा अधिकार तिच्या हातून कधीच निसटलेला असतो. उपकार करणाऱ्याच्या तोंडावर उपकाराला शिवी देता येत नाही. ती देण्याची जागा म्हणजे दार लागल्यानंतरची ती दोन मिनिटे, आणि तेवढा वेळ तरी ते घर तिचे असते. टेटने हे कुठेही समजावून सांगितलेले नाही. फक्त दार आणि चेहरा यांच्यामधला वेळ तिने इतका नेमका पकडला आहे की तो अर्धा क्षण लवकर झाला असता तर नॅन दुष्ट वाटली असती आणि उशिरा झाला असता तर केविलवाणी.

या सगळ्यात नातवाचे महत्त्व मला फार उशिरा कळले. जेमी जवळजवळ काही करत नाही. तो ओशाळतो, आजीला गप्प करण्याचा प्रयत्न करतो, पाहुण्याची नजर चुकवतो आणि मधूनच त्याला हसू आवरत नाही. पण तो नसता तर नॅन भिंतीशी बोलणारी म्हातारी झाली असती. तिचे सगळे बोलणे कुणीतरी आपले माणूस समोर आहे म्हणून सुटते, आणि ऐकणारा प्रेक्षक नातवाच्या शेजारी बसून ते ऐकतो. आमच्या मायच्या ओट्यावर ती जागा आम्हा नातवंडांची होती. आमच्या आईसमोर माय असे कधीच बोलत नसे.

टेट तेव्हा पस्तिशीच्या आसपास होती. टोप, मोठा चष्मा आणि गुडघे फाकवून खुर्चीत रेलण्याची बैठक एवढ्यावर ती आजी होते. बाकी सगळे आवाजात आहे: जुन्या लंडनच्या कष्टकरी वस्तीतली, शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळणारी बोली, आणि छातीतून खरवडत येणारे ते खाकरल्यासारखे हसू. ती वाकत नाही. तिचे हात थरथरत नाहीत. उलट बसल्या जागेवरून ती साऱ्या खोलीवर राज्य करते.

एकाच माणसाने अनेकांची सोंगे घेणे ही आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना परकी गोष्ट नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात भारुडांमधून जोहार घालणारा, वासुदेव, गोंधळी, भुत्या, सासरच्या माणसांना कंटाळलेली सून अशा किती जणांच्या तोंडून बोलून घेतले आहे, आणि भारुड करणारा सोंगाड्या ती रूपे आजही उभी करतो. लहानपणी पोलिसाच्या वेषात येऊन घरधन्याच्या नावाचे खोटे वॉरंट वाचणारा बहुरूपी आमच्या गावात यायचा. तो खरा पोलीस नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनही एखाद्या काकाचा चेहरा क्षणभर उतरायचाच. आणि प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ तर मराठवाड्यातल्या प्रत्येक घराने एकदा तरी पाहिलेले किंवा कॅसेटवर ऐकलेले असते. गावाकडचे वऱ्हाड लग्नासाठी विमानाने लंडनला जाते या एवढ्याशा कथेवर त्यांनी बावन्न पात्रे एकट्याने उभी केली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाचे हे प्राध्यापक २००९ मध्ये गेले. त्यांचे वऱ्हाड ज्या लंडनला निघाले होते त्याच लंडनमध्ये एक बाई त्याच धंद्यात आहे, असे मी वसतिगृहात मैत्रिणीला म्हणाले होते, ते तेव्हा नुसते गमतीने.

पण दोघांच्या कामात एक मूलभूत फरक आहे आणि तो तालमी घेऊ लागल्यावर मला उमगला. देशपांडे सरांच्या हातात एक उपरणे असे. ते डोक्यावर घेतले की बाई, खांद्यावर टाकले की पाटील; आणि हा बदल आपल्या डोळ्यांदेखत होतो, हाच त्या प्रयोगातला मोठा आनंद होता. बाई कधी गेली आणि पाटील कधी आला हे पकडण्याच्या नादात प्रेक्षक दोन-तीन तास हलत नसे. दूरदर्शनच्या पडद्यावर हा आनंद मिळूच शकत नाही. एक प्रहसन संपते, दृश्य तुटते, आणि पुढच्या दृश्यात टेट शाळकरी मुलगी होऊन बसलेली असते. मधले रंगभूषेचे तास आपल्याला दिसत नाहीत. मग तिने तो बदलाचा आनंद पात्राच्या आत नेला. नॅन पाहुण्यासमोर एक आणि पाहुण्यामागे दुसरी, ही उपरण्याचीच करामत आहे. फक्त उपरणे नाही.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. दर आठवड्याला तेच पात्र, तोच साचा, तेच ठरलेले वाक्य. वरवर पाहता हा आळस वाटतो, आणि काही पात्रांच्या बाबतीत तो आळसच आहे. परंतु लॉरेन कूपर या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या बाबतीत पुनरावृत्ती हेच हत्यार आहे. कानात मोठ्या बाळ्या, तोंडात च्युइंग गम, शिक्षक काही विचारू लागले की उलट प्रश्नांचा मारा, आणि कोंडीत सापडली की तिचे ते प्रसिद्ध वाक्य: ‘अ‍ॅम आय बॉव्हर्ड?’ मूळ शब्द ‘बॉदर्ड’, म्हणजे मला काही पर्वा आहे का. पण लंडनच्या अनेक मुलांच्या तोंडी शब्दामधल्या त्या ‘द’चा ‘व्ह’ होतो. मग ती स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून, माझ्या चेहऱ्याकडे बघा, दिसते का पर्वा, चेहरा, पर्वा, चेहरा, असे शब्दांचे तुकडे इतक्या वेगाने फेकू लागते की समोरचा माणूस वाक्य पूर्ण करण्याचा नाद सोडून देतो. सगळी गंमत अशी की तिला पर्वा असते. तिचे काहीतरी उघडे पडलेले असते, मैत्रिणींसमोर मान खाली गेलेली असते, आणि पर्वा नसल्याचा हा गोंगाट त्यावर घातलेले पांघरूण असते.

या शब्दाचा प्रवास मोठा मजेशीर झाला. २००५ च्या रॉयल व्हरायटी परफॉर्मन्स या राजघराण्यासमोर होणाऱ्या करमणुकीच्या कार्यक्रमात, खुद्द राणी एलिझाबेथ समोर बसलेल्या असताना, लॉरेनने त्यांना राजघराण्याला शोभेल अशा सर्वनामात विचारले की आपणांस पर्वा आहे काय. २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘बॉव्हर्ड’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. २००७ च्या मार्चमध्ये कॉमिक रिलीफ या निधिसंकलनाच्या कार्यक्रमासाठी लॉरेन डाउनिंग स्ट्रीटवर कामाचा अनुभव घ्यायला गेली, आणि पदावर असलेले पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तिच्या बडबडीला कंटाळून तिचेच वाक्य तिच्या तोंडावर मारले. आपल्याकडे एखाद्या विनोदी पात्राने पदावरच्या मंत्र्याला असे बोलते केले असते तर दुसऱ्या दिवशी काय झाले असते, याचा विचार करून मी त्या वेळी थोडी खिन्न झाले होते.

त्याच कार्यक्रमासाठी केलेले दुसरे एक प्रहसन मी दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना दाखवते. लॉरेनच्या वर्गात इंग्रजीचा नवा शिक्षक येतो. हे काम डेव्हिड टेनंटने केले आहे. टेनंट त्या वेळी ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेतला नायक डॉक्टर म्हणून घराघरात पोहोचलेला होता आणि टेटने त्याच मालिकेत २००६ च्या नाताळी भागात काम केलेले होते, हे प्रेक्षकांना ठाऊक असल्यामुळे त्या प्रहसनात आणखी एक पदर आहे. शिक्षक स्कॉटिश आहे हे कळताच लॉरेन विचारते की तुम्ही इंग्लिश नाही, मग इंग्लिश कसे शिकवता. छळ वाढत जातो. अखेर शिक्षक तिला तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही असे सुनावतो, आणि ही पोरगी शेक्सपिअरचे एकशे तिसावे सुनीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात, एकही मात्रा न चुकवता म्हणून दाखवते. आवाज लॉरेनचाच, तोरा लॉरेनचाच, आणि कविता निखळ. मला ते सुनीत वर्गात शिकवायला दोन तास लागतात. एवढे करून त्यातला खट्याळपणा मुलांपर्यंत पोहोचत नाही, तो लॉरेनच्या तोंडून एका मिनिटात पोहोचतो. पुढे २०११ मध्ये टेट आणि टेनंट यांनी लंडनच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्याच ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये बिअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक ही सतत वाद घालणारी जोडी केली, तेव्हा त्या वर्गाचीच आठवण पुष्कळांना झाली असणार.

लॉरेनला मराठीत कसे आणावे यावर मी उगाचच बराच काळ घालवला आहे. ‘मला काय फरक पडतो’ हे फार पुस्तकी आहे. उत्तर शेवटी माझ्याच वर्गात सापडले. गृहपाठ केला नाही, हजेरी भरत नाही, परीक्षेला बसू देणार नाही, असे काहीही सांगितले की मागच्या बाकावरून येणारा आमच्याकडचा तो दोन शब्दांचा प्रश्न: ‘बरं मंग?’ त्यातला ‘मंग’ जेवढा लांबवला जातो तेवढी मुलाची आतली घालमेल मोठी असते, हे शिक्षकाला अनुभवाने कळते.

कार्यक्रमातली सगळी पात्रे या दोघींच्या तोडीची नाहीत. कार्यालयातली केट मात्र मला प्रिय आहे. ती शेजारच्या टेबलावरच्या एलेनला काम करू देत नाही, ओळख बरे, सांग बरे, असे म्हणत काहीतरी ओळखायला लावते, आणि एलेनने भीत भीत एखादा अंदाज केला की अपमान झाल्यासारखी तिच्यावर उलटते. मराठवाड्यातल्या कोणत्याही लग्नात जेवणाच्या पंगतीपाशी समोर येऊन ‘वळखलं का? सांग बरं मी कोण?’ म्हणणारी बाई ज्याने झेलली आहे त्याला केट कुणी समजावून सांगायला नको. नाव चुकले तर रुसवा, आठवले नाही तर ‘मोठी मॅडम झालीस गं’ हा टोमणा, आणि बरोबर सांगितले तर त्या आनंदात पुढचे अर्धे गाव ओळखायची परीक्षा. कुठलाही आवाज झाला की किंचाळणारी मार्गारेट पहिल्यांदा हसवते, तिसऱ्यांदा नाही. पॉल आणि सॅम हे जोडपे दिवसभरातला एखादा क्षुल्लक प्रसंग एकमेकांना सांगून गडाबडा हसते आणि त्यात हसण्यासारखे काहीच नसते. हे मला वसतिगृहात बाळबोध वाटले होते, लग्नाला बारा वर्षे झाल्यावर वाटत नाही.

काही गोष्टी आज पाहवत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मला सगळे जमते असे म्हणणारी एक बाई भाषांतरकाराच्या जागी बसते आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींसमोर त्या त्या भाषेची निव्वळ वेडीवाकडी नक्कल करते, असे एक प्रहसन आहे. हसायचे त्या बाईच्या आगाऊपणाला, असा बचाव करता येतो. परंतु जो कान नॅनच्या बोलीतला प्रत्येक ‘ह’ कुठे गिळला जातो हे जाणतो, तोच कान परक्या भाषांपाशी येताच फक्त आवाजाचा कचरा ऐकतो, हे मला खटकते. डेरेक फे या प्रौढ, आईबरोबर राहणाऱ्या गृहस्थाबाबत माझे मत तितके पक्के नाही. त्याच्या लैंगिकतेविषयी कुणी सहज उल्लेख केला की तो संतापतो, आणि त्याच्याविषयी सगळ्यांना जे सरळ ठाऊक आहे ते त्यालाच तेवढे मान्य नसते. समोरची माणसे त्याला नावे ठेवत नाहीत, उलट आपुलकीने बोलतात. हशा त्याच्या नाकारण्यावर आहे. तरीही एका पुरुषाचे लाजणे-मुरडणे हाच विनोद असे समजून हसणारे प्रेक्षक त्यात मिसळलेले असणारच, आणि आपल्याकडे साडी नेसलेला पुरुष पाहताक्षणी येणाऱ्या हशाशी त्यांचे नाते जवळचे आहे. ब्रिटनमध्ये ही वाट जुनी आहे. डिक एमरी या विनोदवीराने १९६३ पासून १९८१ पर्यंत बीबीसीवर बायकांची आणि पुरुषांची कितीतरी सोंगे अशीच आणली होती.

लॉरेनवरही एक आक्षेप घेतला गेला आहे आणि तो गंभीर आहे. त्या वर्षांत ‘लिटल ब्रिटन’ या दुसऱ्या विनोदी कार्यक्रमातली व्हिकी पोलार्ड ही बडबडी पोरगी आणि ही लॉरेन अशी दोन पात्रे एकाच वेळी गाजत होती, आणि २००४ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला ‘चॅव’ हा शब्द कष्टकरी घरांतल्या तरुणांना हिणवण्यासाठी सर्रास वापरला जात होता. गरिबांच्या मुलांच्या बोलण्याला सुखवस्तू माणसांनी हसावे, एवढाच याचा अर्थ आहे का? हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमची ‘करायलो, जायलो’ची बोली मराठी पडद्यावर आणि मंचावर अनेकदा केवळ हशा काढण्यासाठी येते, वाक्यात विनोद नसला तरी चालतो, ‘कामून’ म्हटले की पुण्या-मुंबईचे सभागृह हसते. व्हिकीच्या बाबतीत हा आरोप मला बराचसा पटतो. लॉरेनच्या बाबतीत कमी पटतो, कारण वादात ती जिंकते. कुणीही समोर असो, बहुतेक वेळा शेवटचा शब्द तिचा असतो, आणि सुनीत म्हणून दाखवते तेव्हा आपल्याला तिच्याविषयी काहीच कळले नव्हते हे आपल्याच लक्षात येते.

तर तालमीकडे येते. मी मुलांना नॅनचे एक प्रहसन दाखवले. शिव्या कुणाला कळल्या नाहीत, एका मुलाला कळल्या आणि त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी लगेच वहीत डोके घातले. भाषा कुणालाच नीट समजली नव्हती, पण दार लागले आणि नॅनने मान वळवली तसा सगळा वर्ग एकदम हसला. मग मी म्हातारी करणाऱ्या मुलीला विचारले की तुझ्या घरी पाहुणा गेल्यावर आजी पहिल्यांदा काय करते. ती म्हणाली, ‘मॅडम, आधी कपात चहा उरलाय का बघते.’ एवढ्यावर आमचे प्रहसन नव्याने लिहिले गेले. काठी गेली, पावडर गेली, कमर सरळ झाली. कर्जवसुलीला आलेला माणूस, लग्न जुळवणारा मध्यस्थ आणि मतदार यादी तपासायला आलेले गुरुजी असे तीन पाहुणे एकापाठोपाठ येतात, प्रत्येकाला तितक्याच गोडीने चहा मिळतो, आणि प्रत्येक वेळी तो गेल्यावर आजी कप उचलते, तिरका करून आत बघते, नातवाकडे बघते आणि मग बोलते. तिसऱ्या पाहुण्यानंतर ती नुसता कप उचलायची आणि काहीही बोलायच्या आधीच लोक हसायचे. पहिल्या प्रयोगात मुलगी घाईने बोलून टाकत असे. कपाकडे पाहताना मनात तीन आकडे मोज, असे सांगितल्यावर ते जमले.

महोत्सवात आम्हाला बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकांनी नंतर भेटून सांगितले की म्हातारी म्हातारी वाटत नव्हती, जरा वाकायला हवे होते. परतीच्या गाडीत मुले त्यांची नक्कल करत आली आणि ती नक्कल चांगली होती.

प्रयोगाचे चित्रीकरण त्या मुलीने मोबाइलवर घरी नेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी तिला विचारले की आजीने पाहिले का, रागावली का. ती सांगू लागली की आजीने सगळे पाहिले, कप तिरका करण्याच्या जागी तर परत लावायला सांगितले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि फोन परत देताना म्हणाली, ‘थेट आमची धाकली जाऊ गं ही. अशाच असतेत एकेक बाया.’